नवीन बेअरिंग टाकूनही पुढचं चाक डुगडुगतंय? परत खोलायच्या आधी हे बघा

पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं, तो गुंईगुंई आवाज गेला, पण गाडी जॅकवर घेऊन चाक हलवलं तर अजूनही टकटक करतंय, किंवा रस्त्यावर खड्ड्यात गेलं की पुढून खट्ट असा आवाज येतोय. अशा वेळी दहातले आठ जण एकच सांगतात, बेअरिंग डुप्लिकेट निघालं, दुसरं टाका. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, नाही असं नाही, पण नवीन बेअरिंगनंतर चाक सैल असेल तर दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो, किंवा बेअरिंग काढण्यासाठी जे बाकीचे बोल्ट खोलले त्यातल्या एखाद्यात असतो. आणि दुसरं बेअरिंग टाकायची घाई करू नका म्हणतो त्याला एक ठोस कारण आहे. प्रेस करून (मशीनच्या दाबानं) बसवायचं जे बेअरिंग असतं (स्विफ्ट, आय१० अशा बऱ्याच गाड्यांना पुढे हेच आहे) ते हब (चाक ज्यावर नटांनी बसतं तो मधला फिरणारा भाग) बाहेर काढताना खराब होतं म्हणजे होतंच. हब बाहेर येताना आतली अर्धी रिंग स्वतःबरोबर ओढून नेतो, सगळा जोर बॉलवरून जातो. म्हणजे नुसतं 'खोलून बघू' म्हणालात तरी बेअरिंग गेलं, मग ते कालच टाकलेलं का असेना. म्हणून जे काही शोधायचं ते खोलायच्या आधी शोधायचं.

आणि तोवर गाडी चालवू नका. चाक हातानं हलतंय एवढं कळल्यावर गाडी हायवेला काढणं हा जिवाशी खेळ आहे. अजून एक खूण सांगून ठेवतो, चाकाला प्ले (मोकळा खेळ, सैलपणा) असेल तर फिरताना डिस्क वाकडीतिकडी हलते आणि ब्रेक पॅडना मागे ढकलते, त्यामुळे पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल नेहमीपेक्षा खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं. बेअरिंगचं काम झाल्यावर ब्रेकचं असं व्हायला लागलं तर ब्रेक ऑइलमधे हवा आहे म्हणून ब्लीडिंग करत बसण्याआधी चाक हलवून बघा.

आधी नक्की काय हलतंय ते ठरवा

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळा नाहीतर चांगला दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किती घट्ट आहेत ते पान्यानं बघून घ्या. मग जॅक लावा, आणि जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड लावाच. आपल्याला चाक धरून जोरजोरात हलवायचंय, डिकीतला कात्री जॅक त्यासाठी बनवलेला नाही.

आता घड्याळाची कल्पना करा. एक हात १२ वर, एक हात ६ वर, आणि वरून ओढा-खालून ढकला, मग उलटं. मग ३ आणि ९ वर हात ठेवून तेच. झटके देऊ नका, दाब देऊन सोडा, दाब देऊन सोडा, म्हणजे हाताला बारीक टक्क कळतं. दोन्हीकडे सारखाच प्ले असेल तर संशय बेअरिंग, हब किंवा चाकाच्या नटांवर. फक्त ३-९ ला असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅकच्या आतला जॉइंट. फक्त १२-६ ला असेल तर खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा), बेअरिंग, नाहीतर शॉकअबचे (शॉक ॲब्सॉर्बरचे) बोल्ट. एक लक्षात ठेवा, ३-९ ला हलवताना स्टिअरिंग फिरून दुसरं चाकही हलतं, तो प्ले नव्हे. मोकळा टक्क आवाज येऊन एकच चाक हलतंय आणि स्टिअरिंग जागचं हलत नाहीये, तो प्ले.

यापुढची टेस्ट सगळ्यात कामाची, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि ब्रेक दाबून धरायला सांगा (इंजिन चालू करायची गरज नाही), आणि परत १२-६ हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले एकदम गायब झाला तर तो बेअरिंग-हबमधला प्ले आहे, कारण पॅडनी डिस्क पकडली की हब आणि नकल (बेअरिंग ज्याच्या भोकात बसतं तो न फिरणारा भाग) एकमेकांना बांधले जातात, मधलं बेअरिंग हललं तरी दिसत नाही. ब्रेक दाबूनही तसाच हलतोय तर प्ले बेअरिंगच्या अलीकडे किंवा पलीकडे आहे, म्हणजे एकतर चाक-डिस्कच्या मधे (चाकाचे नट) नाहीतर नकल आणि बॉडीच्या मधे (बॉल जॉइंट, टाय रॉड, शॉकअब, लोअर आर्म).

आता वेळ आहे डोळ्यांची. एकानं चाक हलवायचं, दुसऱ्यानं टॉर्च घेऊन आतल्या बाजूनं बघायचं. कॅलिपरचं (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचं) ब्रॅकेट आणि डिस्कची कड यांच्यात जी बारीक फट असते तिच्यावर नजर ठेवा. चाकाबरोबर ती फट कमीजास्त होतेय तर हब नकलच्या आत हलतोय. फट तशीच आहे पण नकल, कॅलिपर, डिस्क असं सगळं गाठोडंच हलतंय तर नकल कशाला बांधलंय ते बघा, एकेका जॉइंटवर बोट ठेवा, टक्क कुठे लागतं ते बोटाला लगेच समजतं. आवाजावर जाऊ नका, लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो, बोट खोटं बोलत नाही.

किती प्ले चालतो? हबवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं साधन) लावून मोजलं तर चांगल्या बेअरिंगचा आत-बाहेर खेळ बहुतेक गाड्यांत ०.१ मिमीच्या आत असायला हवा. हे फार कमी आहे, पण चाकाची कड बेअरिंगपासून लांब असल्यामुळे तिथे तो कितीतरी पट मोठा होऊन हाताला लागतो. म्हणजे प्रेस-फिट बेअरिंगच्या गाडीला हातानं स्पष्ट टकटक लागत असेल तर 'थोडा प्ले असतोच' हे उत्तर स्वीकारू नका. नसतो.

चाकाचे नट आणि डिस्कची बैठक

सोपं आहे म्हणून आधी हे. ब्रेक दाबूनही प्ले राहिला असेल तर चाक काढा. डिस्क हबवर सपाट बसलीय का बघा. आपल्याकडे पावसाळ्यात, आणि कोकणात तर बारा महिने, हबच्या तोंडावर गंजाची पापुद्र्यासारखी पातळ साल धरते. बेअरिंगच्या कामात डिस्क निघते, ती परत बसवताना हा गंज किंवा मातीचा खडा मधे अडकला की नट घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण शंभरेक किलोमीटरमधे गंज दबतो, भुगा होतो आणि नट सैल. हबचं तोंड, डिस्कच्या दोन्ही बाजू, रिमची आतली बाजू वायर ब्रशनं लखलखीत करा. ग्रीस फासू नका.

अलॉय व्हील बाहेरून टाकलेली असतील तर नटांचं तोंड तपासा. काही रिमना कोनासारखं निमुळतं तोंड लागतं, काहींना वॉशरवालं सपाट. चुकीचा नट बसतो, पण पकडत नाही. नट नेहमी समोरासमोर, फुलीच्या क्रमानं, आणि शेवटचा टॉर्क (आवळण्याचा मोजून दिलेला जोर) गाडी खाली टेकवून. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या घरात असतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधे मिळेल.

ॲक्सल नट, इथेच सगळं घोडं अडतं

ब्रेक दाबल्यावर प्ले जातोय, म्हणजे बेअरिंग-हबचा मामला आहे, तर पहिला संशय हबच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटावर, म्हणजे ॲक्सल नटावर, ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) नट. बऱ्याच जणांना वाटतं की हा नट फक्त शाफ्ट बाहेर येऊ नये म्हणून असतो. तसं नाहीये. प्रेस-फिट बेअरिंगमधे बॉलच्या दोन रांगा असतात आणि आतली रिंग दोन तुकड्यांत असते, ते दोन तुकडे एकमेकांना चिकटून घट्ट दाबलेले राहिले तरच बेअरिंगमधला खेळ कंपनीनं ठरवलेला तेवढा राहतो. हे दाबून धरायचं काम कोण करतं? बाहेरून हबचा खांदा, आतून ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा खांदा, आणि दोघांना आवळणारा हा नट. नट सैल म्हणजे दोन तुकडे फाकले, तुकडे फाकले म्हणजे बॉल मोकळे, आणि बेअरिंग कितीही भारी कंपनीचं असलं तरी चाक डुगडुगणारच.

टॉर्क किती? गाडीगाडीप्रमाणे साधारण १७५ ते ३०० न्यूटन मीटरच्या दरम्यान, मॅन्युअल बघूनच ठरवा. हा किती जोर असतो ते अंदाजानं सांगतो. २०० न्यूटन मीटर म्हणजे ६० सेंटीमीटर लांब पाइपच्या टोकाला साधारण ३४ किलो वजन टांगल्यासारखं. म्हणजे हातभर लांब रॅचेटवर दोन हातांनी करकचून आवळलं तरी तेवढं होत नाही, आणि माणसाला मात्र वाटतं की फुल टाइट झालं. टॉर्क रेंच नसेल तर या हिशोबानं पाइप लावून निदान जवळपास तरी पोचता येतं, पण खरं म्हणजे टॉर्क रेंच कुणाकडून तरी एक दिवस मागून आणा, हे काम अंदाजाचं नाही.

एअर गनवर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. गन दोन सेकंद टर्रर्र केली की नट लागला असं समजतात, पण हवेचा दाब किती, गन किती जुनी, सॉकेट किती झिजलेली यावर ती कधी निम्म्याच टॉर्कवर थांबते तर कधी भलतीच जास्त आवळते. गननं नट आणून टेकवायला हरकत नाही, शेवटचा हात मात्र टॉर्क रेंचचाच हवा.

नटाबरोबर या गोष्टी बघाच. नट नवीन आहे का? ज्या नटाची कड पंच मारून शाफ्टच्या खाचेत दाबायची असते तो एकदाच वापरायचा, जुना परत लावला तर त्याची दाबलेली जागा खाचेवर येत नाही आणि लॉक लागत नाही. वॉशर लावलाय का? काही गाड्यांत नटाखाली जाड वॉशर असतो, तो विसरला तर नट आटे संपेपर्यंत जातो आणि तिथे अडकतो, हाताला वाटतं टाइट झाला, टॉर्क रेंच पण क्लिक करते, पण हब दाबलाच गेलेला नसतो. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या बाजूचं चाक. तिकडचा नट कुणी हात न लावलेला आहे, तर तिकडे नटाच्या बाहेर किती आटे दिसतात आणि इकडे किती दिसतात ते शेजारी शेजारी बघा. फरक दिसला तर इकडे काहीतरी कमी आहे किंवा काहीतरी पूर्ण आत गेलेलं नाही. ही तुलना फक्त नटापुरती नाही, या सगळ्या कामात चांगली बाजू हेच तुमचं मॅन्युअल.

अजून एक, नट आवळताना चाक हवेत ठेवा आणि ब्रेक दाबून धरा. बरेच जण गाडी जमिनीवर टेकवतात आणि मग नट आवळतात, म्हणजे हब फिरत नाही. पण नट सैल असताना गाडीचं वजन बेअरिंगवर आलं की फाकलेल्या रिंगांवर बॉल चुकीच्या जागी दाबले जातात, आणि गाडी दोन फूट पुढेमागे ढकलली तरी नवीन बेअरिंगवर खुणा उठू शकतात. नट पूर्ण टॉर्कवर आल्याशिवाय चाक जमिनीला लावायचं नाही.

समजा नट सैलच निघाला आणि आवळल्यावर प्ले गेला. मग संपलं का? गाडी या अवस्थेत किती चालली त्यावर आहे. चाक हातानं हळू फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. स्प्रिंग हे कंप फार छान पोचवते. गुळगुळीत लागलं तर ठीक, बारीक वाळू फिरल्यासारखी करकर लागली तर बेअरिंगला मार बसलाय, ते थोड्या दिवसांत आवाज करायला लागणार. ते बदलायचंच, आणि यावेळी नट नीट लावायचा.

प्रेस करताना काय चुकतं

नट बरोबर आहे, वॉशर आहे, तरी ब्रेक दाबल्यावर जाणारा प्ले आहेच, तर मग बेअरिंग बसवताना गडबड झालीय आणि नकल उतरवावाच लागणार. इथे नियम एकच आहे, जी रिंग घट्ट बसणार आहे तिच्यावरच जोर द्यायचा, बॉलमधून जोर जाता कामा नये. बेअरिंग नकलमधे घालताना बाहेरची रिंग घट्ट बसते, तर जोर बाहेरच्या रिंगवर. हब बेअरिंगमधे घालताना आतली रिंग घट्ट बसते, तर हब वरून दाबताना खालून आतल्या रिंगलाच टेकू हवा, नकलला नव्हे. हा दुसरा टप्पा गॅरेजमधे सर्रास चुकतो. नकल प्रेसवर ठेवतात, वरून हब दाबतात, खाली काहीच आधार नाही, सगळा जोर बॉलवरून बाहेरच्या रिंगला, आणि खालची अर्धी रिंग बाहेर ढकलली जाते. बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मेलं. लेथवाल्याकडे काम देत असाल तर शेजारी उभं राहा आणि हब दाबायच्या वेळी खाली कुठला तुकडा ठेवतोय ते बघा, राग आला तरी चालेल.

हातोडा आणि छिन्नीनं ठोकून बसवलेलं बेअरिंग तर बोलायलाच नको. ठोकलं की बॉलच्या जागी रेसवर (बॉल जिच्यावरून फिरतात त्या पन्हाळीवर) बारीक खड्डे पडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण चाक फिरलं की जाणवतात.

बेअरिंग सहज जावं म्हणून काही तास फ्रीजरमधे ठेवायची युक्ती चांगली आहे. ७४ मिमी व्यासाचं बेअरिंग ३० अंशावरून उणे १८ पर्यंत गार झालं की व्यास साधारण ०.०४ मिमीनं कमी होतो, आणि अशा बसणीत तेवढा फरक खूप असतो. पिशवीत घालून ठेवा म्हणजे दमट धरणार नाही. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग कड थोडी घासून नवीन दाबायला वापरतात, तेही बरोबर.

आता सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगसारखी उघडी रिंग. बेअरिंग पूर्ण तळाला टेकलं की समोर एक खाच मोकळी दिसते आणि त्यात सर्क्लिप जाते. बेअरिंग अर्धा मिलिमीटर जरी वर राहिलं तरी सर्क्लिप खाचेत उतरत नाही, आणि मग ती तशीच वरवर अडकवून ठेवणारे, किंवा सरळ न टाकताच सोडून देणारे महाभाग आहेत. अशा गाडीत बेअरिंग वळणावर हळूहळू बाहेर सरकतं. सर्क्लिप खाचेत बसल्यावर टक्कन आवाज येतो आणि स्क्रूड्रायव्हरनं ढकलली तर ती खाचेत गोल फिरते, दोन्ही टोकं सारख्या अंतरावर दिसतात. यातलं काही एक नसेल तर ती बसलेली नाही. काही जुन्या गाड्यांत एका बेअरिंगऐवजी दोन वेगळी बेअरिंग आणि मधे स्पेसर नळी असते, तिथे स्पेसर विसरला किंवा घासून छोटा झाला तरी असाच त्रास.

आणि एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमधे चुंबकीय रिंग असते, ती सेन्सरच्या बाजूला यायला हवी. कागदाची बारीक पिन जवळ नेली तर ज्या बाजूला ओढ जाणवते ती बाजू. उलटं बसलं तर चाक हलणार नाही पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटून राहील. लोहचुंबक मात्र जवळ नेऊ नका, रिंग बिघडते.

हब आणि नकलच झिजलेत का

जुनं बेअरिंग महिनोन्‌महिने आवाज करत चालवलेलं असेल तर हे हमखास बघायचं. बेअरिंग जाम व्हायला लागलं की आतली रिंग हबवर घसरून फिरायला लागते. हब हातात घेतला की ज्या गोल खुंटावर बेअरिंग बसतं तिथे बघा, चांगल्या हबवर एकसारखा करडा मॅट रंग असतो, घसरलेल्या हबवर आरशासारखी चकाकी किंवा निळसर-जांभळा डाग असतो, आणि नख वरून खाली ओढलं तर मधेच बारीक पायरीला अडकतं. नख अडकलं की तो हब भंगारात. त्यावर नवीन बेअरिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

जुनी अर्धी रिंग हबवर अडकून राहते ती काढताना ग्राइंडर वापरतात. रिंग पूर्ण आरपार कापायची नाही, पाऊण कापायची आणि छिन्नीचा एक फटका मारला की ती तडकते. आरपार गेलात की ग्राइंडर हबला चीर पाडतो, चिरेची कड वर येते आणि नवीन रिंग तिथे अडते, खांद्याला टेकतच नाही. मग तुम्ही नट कितीही आवळा, थोड्या दिवसांनी सगळं दबून सैल.

नकलच्या भोकाचं तसंच. नवीन बेअरिंग हातानं ढकलून आत गेलं तर 'वा, सोपं गेलं' म्हणून खूश होऊ नका. ते हातानं कधीच जाता कामा नये. भोक मोठं झालंय, बाहेरची रिंग तिथे फिरतेय. यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे भोकात आतून पंच मारून ठिपके उठवायचे आणि त्यावर बेअरिंग ठोकायचं. ते ठिपके म्हणजे सुईच्या टोकाएवढे उंचवटे, पूर्ण चाकाचा भार त्यांच्यावर, थोड्याच दिवसांत ते चपटे होतात आणि चाक परत हलायला लागतं. हा उपाय करून देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. नकल नवीन घ्या, बजेट नसेल तर कुर्ल्यासारख्या जुन्या स्पेअरच्या बाजारात त्याच मॉडेलचा नकल शोधा, पण घेताना भोकात बोट फिरवून पायरी लागते का, कुठे वेल्डिंग किंवा तडा आहे का ते बघा, आणि बेअरिंग बरोबर घेऊन जाऊन तोंडाला लावून बघा, सहज आत जात असेल तर तोही नको.

माल बरोबर होता का, ही शंका इथे घ्यायची, आधी नाही. व्हर्नियरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा आणि जुन्याशी ताडून बघा. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलला वेगळं बेअरिंग असू शकतं, आणि दुकानदार 'हेच लागतं' म्हणून देतो.

ब्रेक दाबूनही जो हलतो तो

नकल उतरवायला काय काय खोललं होतं ते आठवा. खालचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअबचे दोन बोल्ट, कॅलिपरचे दोन बोल्ट. यातला एकेक पाना लावून बघा.

बॉल जॉइंटची एक गंमत नाही, धोका आहे. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दांड्याला एक गोल खाच असते आणि आडवा बोल्ट त्या खाचेतून जातो. दांडा नकलमधे पूर्ण वर गेला नाही तर बोल्ट खाचेतून न जाता दांड्याच्या टोकावरून निघतो. वरून बघितलं तर बोल्ट आहे, नट आहे, टाइट आहे, पण दांडा कशालाच अडकलेला नाही. हा बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं पडतं. बोल्ट काढा, दांडा लोअर आर्मसकट वर ढकला, खाच भोकासमोर आलेली टॉर्चनं बघा आणि मगच बोल्ट घाला. बोल्ट हातानं सहज आरपार जायला हवा, ठोकावा लागला तर खाच समोर नाहीये.

टाय रॉड एंडचा दांडा निमुळता असतो, त्याला ग्रीस किंवा माती लागली तर नीट पकडत नाही, पुसून लावा आणि कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची पिन) नवीन घाला. ठोकून काढलेला असेल तर आटे आणि रबर बूट तपासा, हातोड्याच्या माराने जॉइंटच सैल झालेला असू शकतो. शॉकअबचे बोल्ट सैल असतील तर १२-६ ला प्ले येतो आणि खड्ड्यात खट्ट वाजतं. कॅलिपरचे बोल्ट सैल असतील तर ब्रेक लावताना एक ठक्क आणि सोडताना एक ठक्क. ज्या गाड्यांत बेअरिंग-हब एकच युनिट असतं आणि मागून तीन-चार बोल्टनी नकलला बांधलेलं असतं, तिथे हेच ते बोल्ट, ते सैल राहिले किंवा युनिट आणि नकलच्या मधे गंज राहिला तर अख्खं युनिट हलतं.

जुन्या जीप, सुमो, बोलेरोवाल्यांसाठी

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत पुढे टेपर रोलर बेअरिंग असतात, एक आतलं एक बाहेरचं, आणि तिथे वर सांगितलेला जबरदस्त टॉर्क अजिबात लावायचा नाही, लावलात तर बेअरिंग जळून जाईल. हे बेअरिंग ॲडजस्ट करायचं असतं. चाक एका हातानं फिरवत फिरवत नट थोडा जोर येईपर्यंत आवळा (साधारण २५-३० न्यूटन मीटर), म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण मोकळा करा आणि नुसत्या बोटांनी टेकेल एवढाच परत आवळा. कॉटर पिनचं भोक समोर येत नसेल तर नट मागे घ्यायचा, पुढे नाही. नवीन पिन घाला, टोकं वळवा. अशा गाडीला अगदी किंचित खेळ, ०.०२५ ते ०.१२५ मिमीच्या आसपास, राहणं बरोबर आहे, तो हाताला जेमतेम लागतो.

या बेअरिंगची बाहेरची वाटी हबमधे पूर्ण तळाला ठोकलेली नसेल तर चालवल्यावर ती खाली बसते आणि चाक सैल होतं. वाटी ठोकताना आवाज ऐका, तोपर्यंत बोदा येत असतो, तळाला टेकली की खणखणीत येतो. आणि आतलं बेअरिंग नवीन, वाटी जुनी असं कधीही करू नका, जोडी एकत्रच बदलते.

काम झाल्यावर

प्ले गेला, चाक गुळगुळीत फिरतंय, मग ॲक्सल नटाची कड पंचनं खाचेत दाबा आणि नटापासून शाफ्टपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. पहिला फेरा मोकळ्या रस्त्यावर, हळू, रेडिओ बंद, काचा खाली. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, उजवीकडे वळताना डाव्यावर, तर ज्या बाजूचं काम केलंय तिच्या उलट्या बाजूला लांबलचक वळण घेऊन ऐका. परत आल्यावर दोन्ही हबच्या जवळ हात नेऊन बघा, लगेच स्पर्श करू नका, डिस्क भाजते. एक बाजू दुसरीपेक्षा खूपच तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक कुठेतरी धरतंय.

शॉकअबचे किंवा टाय रॉडचे बोल्ट खोलले असतील तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेनं खाऊन जाईल, पण चाकाचा प्ले पूर्ण गेल्याशिवाय अलाइनमेंटला जाऊ नका, हलणाऱ्या चाकावर घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट परत टॉर्क करा, गाडी जॅकवर घेऊन १२-६ आणि ३-९ परत एकदा हलवा, आणि ती पेंटची रेघ बघा. रेघ सरळ असेल तर नटाला हात लावायचा नाही. रेघ तुटलेली दिसली तर नट सरकलाय, गाडी तिथेच थांबवा, नवीन नट आणा आणि शाफ्टचे आटे नीट तपासून मगच तो लावा.